धारवाडचा एक अर्ज (इ. स. १८५६)

जुन्या कागदपत्रांचा संग्रह करितांना आपणां सर्वांचें लक्ष सनदा, महजर, वतनपत्रें व राजकीय पत्रव्यवहार यांकडे प्रथम जावें, हें साहजिकच आहे. शाळांचीं प्रवेश-रजिस्टरें, हजेरीपट व शिक्षणखात्याकडे गेलेले अर्ज मात्र आपण बहुधा रद्दी समजून बाजूस सारितों. या रद्दींत केवढा इतिहास असूं शकतो, हें दाखविण्याकरितां एका अर्जाची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

धारवाड हें हल्लीं कर्नाटक राज्यांत असलें तरी त्या काळीं मुंबई इलाख्यांत मोडत असे. जून १८५६ मध्यें तेथील एका महार मुलाच्या वतीनें मुंबई सरकारकडे अर्ज करण्यांत आला. मागणी एवढीच, कीं मुलास धारवाडच्या सरकारी शाळेंत घ्यावें. ही मागणी काळाच्या फार पुढची होती, असें म्हणतां येत नाहीं. वुडचा खलिता या नांवानें प्रसिद्ध असलेल्या १८५४ च्या आज्ञापत्रांत सामान्य जनतेपर्यंत शिक्षण पोंचविण्याचें धोरण जाहीर झालेलें होतें; व पुण्यास जोतीराव फुले यांनीं महार-मांगांच्या मुलांकरितां १८५२ मध्यें शाळा काढली होती.

मुंबई सरकारनें आपला निर्णय २१ जुलै १८५६ रोजीं प्रसिद्ध केला. तात्त्विक न्याय अर्जदाराच्याच बाजूस आहे, हें त्यांत आरंभींच कबूल केलेलें आहे. परंतु एकदोन व्यक्तींसाठीं शतकानुशतकांच्या समजुतींत एकाएकीं हात घातल्यास शिक्षणाच्या कार्याचीच हानि होईल, शिवाय अर्जदाराची अडचण या सरकारनें निर्माण केलेली नाहीं, सबब ती तडकाफडकीं दूर करणेंहि सरकारास शक्य नाहीं, असें पुढें म्हटलें आहे. न्याय मान्य, पण प्रवेश अमान्य, असा हा निवाडा होय.

प्रकरण कलकत्त्यास गेलें. हिंदुस्थान सरकारचें उत्तर २३ जानेवारी १८५७ चें आहे. मुंबई सरकारनें केलें तें बहुधा शहाणपणाचेंच असावें, तथापि बंगाल्यांतील कोणत्याहि सरकारी शाळेंत या मुलास प्रवेश नाकारला गेला नसता, असा त्याचा आशय आहे. एकाच वाक्यांत पाठराखण व कानउघाडणी! शेवटीं लंडनहून कंपनीच्या डायरेक्टरांचा २८ एप्रिल १८५८ चा खलिता आला. सरकारी शाळा सर्व वर्गांस खुल्या असाव्यात, या तत्त्वापासून ढळतां येणार नाहीं. कांहीं विद्यार्थी त्यामुळें निघून गेले तरी चालेल. ज्यांस हें रुचत नसेल त्यांनीं आपला पैसा काढून घ्यावा व आपल्यापुरत्या निराळ्या शाळा काढाव्या, असें त्यांत स्पष्ट बजावलें आहे.

या तीन कागदांचा विचार सामान्यतः सरकारी धोरणाचा इतिहास म्हणून होतो. आम्हांस त्यांवरील तारखा अधिक बोलक्या वाटतात. अर्ज व अंतिम निर्णय यांत जवळजवळ बावीस महिन्यांचें अंतर आहे. वतनाचा दावा दोन वर्षें पडून राहिला तरी जमीन जागच्या जागीं राहते. मुलाचें शिकण्याचें वय तसें राहत नाहीं. तत्त्व जिंकलें, परंतु ज्याच्यासाठीं तें झगडलें त्याचें बालपण टपालाच्या प्रवासांत खर्ची पडलें. प्रचलित मुद्रित उताऱ्यांत त्याचा निर्देशहि केवळ ‘महार मुलगा’ एवढाच येतो.

तत्त्वाचा जय तरी शाळेच्या उंबरठ्याच्या आंत पोंचला काय? १८८२ च्या हंटर कमिशननें तें पुन्हां मान्य केलें, पण सावधगिरीनें लागू करावें अशी पुस्ती जोडली, आणि अशा मुलांसाठीं निराळ्या शाळांस उत्तेजन देण्याची शिफारस केली. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलाच्या रजिस्टरांत ७ नोव्हेंबर १९०० रोजीं ‘भिवा रामजी आंबेडकर’ हें नांव नोंदलें गेलें, अनुक्रमांक १९१४. रजिस्टरांत नांव इतरांच्या पंक्तीस बसलें. मुलास मात्र वर्गाच्या कोपऱ्यांत वेगळें बसावें लागे, आणि बसावयाचें गोणपाट रोज घरून आणून संध्याकाळीं परत न्यावें लागे. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें आणि १९१९ मध्यें अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून तीं मुलें सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम काढला. मुंबई कायदेमंडळांत सी. के. बोले यांस १९२३ सालीं सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर शाळाहि अस्पृश्यांस खुल्या कराव्यात, असा ठराव मांडावा लागला. १८५८ चा खलिता पाळला गेला असता तर शाळांपुरती तरी त्या ठरावाची गरज उरली नसती.

पुढें १९२८ मध्यें बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनें डॉ. आंबेडकरांनीं सायमन कमिशनास शिक्षणविषयक निवेदन सादर केलें. त्यांत धारवाडच्या या अर्जाचें प्रकरण मूळ सरकारी कागदांच्या आधारें मांडलेलें आहे. गोणपाटावर बसलेल्या विद्यार्थ्यानेंच त्या निनांवी मुलाचा कागद इतिहासाच्या चावडीवर आणला. कागद टिकला म्हणून साक्ष टिकली.

आज सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचें शिक्षण हा घटनेनें दिलेला मूलभूत हक्क आहे. २००२ ची घटनादुरुस्ती व २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आले. हा हक्क कोणी सहज बहाल केलेला नाहीं. त्याच्या मुळाशीं असे फेटाळलेले अर्ज आहेत. म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे, कीं एखाद्या वाड्यांत, चावडींत अथवा बंद पडलेल्या शाळेंत जुनीं रजिस्टरें, दाखले किंवा नाकारलेले अर्ज आढळल्यास ते वाण्याच्या तागडींत जाऊं देऊं नयेत. कोणास घेतलें हें रजिस्टर सांगतें. कोणास घेतलें नाहीं, हें सांगणारा कागद त्याहून दुर्मिळ, आणि त्याहून मोलाचा आहे.