रुमालांतले पाबळ

शिरूर तालुक्यातील पाबळ हे गाव मस्तानीच्या समाधीमुळे सर्वपरिचित आहे. थोरल्या बाजीरावांनी तिला पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावे इनाम दिली आणि 1740 साली बाजीराव निवर्तल्यावर अल्पावधीतच तिचाही अंत झाला, एवढी हकीगत बहुतेकांस ठाऊक असते. परंतु या गावाचे नाव पेशव्यांच्या दप्तरातील असंख्य मोडी कागदांत नेमके कोणत्या ठिकाणी शोधावयाचे, या प्रश्नाचा इतिहास मला त्या हकीगतीइतकाच मोलाचा वाटतो. कारण नाव कागदावर असणे आणि ते हाती लागणे, यांच्यामध्ये कारकुनी विद्येची एक सबंध परंपरा उभी आहे.

हुजूर दप्तराच्या फड, बेहेडा, सरंजाम, एकबेरीज अशा शाखा होत्या. फडावर रोजकीर्द लिहिली जाई आणि तिचा क्रम दिवसांचा असे. त्यामुळे तेथे केवळ 'पाबळ' एवढे नाव घेऊन जाणाऱ्यास पानामागून पान उलटण्यावाचून गत्यंतर नसते. त्याला प्रथम साल, मग महिना आणि चंद्र (महिन्यातील चांद्र दिवस) ठाऊक असावे लागतात, आणि सालही अरबी शब्दांत, एकं आधी व दहं नंतर अशा रीतीने लिहिलेले. बाजीरावांच्या मृत्यूचे साल 'अर्बैन मया व अलफ', म्हणजे अरबी गणनेचे 1140. पुढचे 'इहिदे अर्बैन' आणि त्यापुढचे 'इसन्ने अर्बैन'. आता हीच साले कोणी अक्षरांच्या क्रमाने लावली, तर 'स' हा 'ह'च्या अगोदर येत असल्यामुळे 1142 हे साल 1141 च्या आधी जाऊन बसेल आणि काळाचा ओघ उलटा होईल. क्रम कोणता धरावा हे आधी ठरले नाही, तर उत्तमोत्तम संग्रहही मुका राहतो.

एकबेरीज दप्तराचे काम निराळे होते. सर्व शाखांचे हिशेब तेथे एकत्र होऊन सालाची जमा, खर्च व शिल्लक यांचे तर्जुमे तयार होत, आणि खर्चाच्या खतावण्या अक्षरवार लावल्या जात. अक्षरवार यादीचे सामर्थ्य किती, हे आपल्याच मुलखातील नावांवर पाहावे. यादी मध्यावर उघडली आणि 'पाटस' दिसले, तर 'ट'च्या पुढे 'ब' असल्यामुळे पाबळ उत्तरार्धात असणार हे निश्चित झाले व पूर्वार्ध बाजूस पडला. उरलेल्याच्या मध्यावर 'पारगाव' निघाले, तर 'र'च्या अलीकडे सरकावयाचे. दर खेपेस निम्मी यादी गळत असल्याने, हजार नावांतून एक नाव काढण्यास दहा वेळा पाहणे पुरेसे होते. क्रम नसेल तर तेच काम हजारावे नाव येईपर्यंतही लांबू शकते.

नाना फडणविसांच्या अमदानीत हे दप्तर शिस्तीने चाले. दुसऱ्या बाजीरावांच्या कारकिर्दीत त्याची हेळसांड झाली, आणि 1818 नंतर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टन याच्या हाताखालील मॅक्लाउड या अंमलदारास ते पुन्हा लावून घ्यावे लागले. पुढे इनामांच्या चौकशीसाठी, विशेषतः 1852 च्या कायद्यानंतर, याच दप्तराच्या रुमालांतून, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांतून, गावोगावच्या सनदांचा शोध घेण्यात आला. एखाद्या घराण्याच्या मिळकतीचे भवितव्य एका नोंदीच्या सापडण्यावर अवलंबून राहिले, हे लक्षात घेतले म्हणजे कागद जागच्या जागी ठेवणाऱ्या अनामिक कारकुनांविषयी कृतज्ञता वाटल्याखेरीज राहत नाही. इतिहासाच्या ग्रंथांतून त्यांची नावे येत नाहीत, हा मी अन्यायच समजतो.

रियासतकार सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात याच दप्तरातील निवडक कागदांचे 45 भाग संपादून अभ्यासकांवर अपार उपकार केले. तथापि निवड म्हटली की राजकारणास अग्रस्थान मिळावयाचेच. गावाचा वसूल, बलुतेदारांचे हक्क, दुष्काळातील सूट हे ज्यास पाहावयाचे असेल, त्याने मूळ रुमालांकडेच वळले पाहिजे. त्यातही आजचा तालुका त्याच्या उपयोगी पडणार नाही, कारण त्या कागदांत गाव मिळते ते तर्फ व प्रांत या जुन्या विभागांच्या आधाराने. म्हणून त्याने प्रथम जुनी तर्फ निश्चित करावी, अरबी साल आजच्या सनाशी ताडून पाहावे, आणि मगच कारकुनाकडे रुमाल मागावा.