धुराची नोंद

माझी आई कधीच बिडी ओढत नव्हती. तरीही तिच्या छातीचा एक्स-रे पाहून डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला. दोन्ही फुफ्फुसांत बारीक गाठी होत्या. क्षयाची औषधे सुरू झाली. थुंकीत जंतू मात्र सापडला नाही. पर्वतीच्या पायथ्याशी आमच्या पत्र्याच्या खोलीत ती वीस वर्षे भुशाच्या शेगडीवर रांधत होती, हे कोणी विचारले नाही. मीही सांगितले नाही. इतिहास शिकविणाऱ्या मुलाला आईचा धूर हा इतिहासाचा विषय वाटला नव्हता.

धुराला इतिहास आहे. पण तो खाणीपासून लिहिला गेला, चुलीपासून नाही. ब्रिटनमध्ये जे. एस. हाल्डेन यांनी १८९५ साली कार्बन मोनॉक्साइड स्वतः हुंगून परिणाम नोंदविले. १८९६ च्या अहवालात त्यांनी दाखविले, की खाणीतल्या स्फोटात बहुतेक मजूर भाजून नव्हे, या वायूने मरतात. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो. कोंडलेल्या हवेत धुमसणाऱ्या भुशातूनही तोच निघतो.

गाठी तो करीत नाही. त्या धुरातल्या कणांनी होतात. पण १९१५ साली डेन्मार्कच्या डॉक्टर मारी क्रोग यांनी याच वायूचे माप केले. अगदी थोडा वायू श्वासात घ्यायचा, रोखायचा, सोडलेल्या श्वासात किती उरला ते पाहायचे. उरलेला सोडून बाकीचा रक्तात गेला. फुफ्फुस निबर झाले की हा आकडा घटतो.

खाणमजुराला हजेरीपट होता, मालक होता, चौकशी होती. चुलीपुढच्या बाईला काय होते? गुजरातच्या खेड्यांत कर्क स्मिथ व सहकाऱ्यांनी रांधणाऱ्या बायांच्या वाट्याचा धूर मोजला, त्याचा निबंध १९८३ साली आला. दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्स्कायच्या बायांच्या रोगाला ‘झोपडीचे फुफ्फुस’ हे नाव मिळाले ते १९९१ साली. कारणे दोन, चुलीचा धूर आणि दगडावर मका भरडतानाची धूळ. (आजीचे जाते आठवले.) पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह धूम्रपान न करणाऱ्यांच्या दम्यासारख्या जुनाट विकारावर ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले, ते २००९ साली.

आणि जळण जात पाहून येते. गुरे नाहीत त्याला शेणी नाहीत. बांध नाही त्याला सरपण नाही. शहरात उरतो वखारीचा भुसा.

गेल्या वर्षी आईची ती श्वासाची चाचणी झाली. दहा सेकंद श्वास रोखायचा होता. सहाव्याला ती खोकली. अर्जातल्या ‘व्यवसाय’ या रकान्यात तिथल्या मुलीने ‘गृहिणी’ लिहिले होते. मी पुढे लिहिले: भुशाची शेगडी, वीस वर्षे.