प्रतिकृतीतील लोहमार्ग आणि इतिहासाची साधने

१

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागात, इंदापूर तालुक्यात, नीरेच्या खोऱ्यात वसलेले बावडा हे काही लोहमार्गावरील गाव नव्हे. तथापि या गावाभोवती लोहमार्गांचे जणू एक कडे पडलेले होते. उत्तरेस ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुख्य मार्ग १८५८ मध्ये पुण्याहून याच तालुक्यातील डिकसळपर्यंत आला व पुढील दोन वर्षांत सोलापुरास पोहोचला. पूर्वेस बार्शी लाइट रेल्वेचा अरुंदमापी फाटा १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून पंढरपुरास गेला आणि १९२७ मध्ये तोच पुढे मिरजेस भिडला. पश्चिमेस दौंड ते बारामती हा २७ मैलांचा अरुंदमापी मार्ग १९१४ मध्ये सुरू झाला. नीरा डावा कालव्याच्या पाण्याने या भागातील शेतीचे स्वरूप पालटले होते. त्या शेतीचा माल आणि पंढरीच्या वाटेवरील माणसे या दोहोंचा संबंध या मार्गांशी आला.

आज यांपैकी एकही मार्ग आपल्या मूळ रूपात उरलेला नाही. उजनी धरणाचे काम १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयामुळे डिकसळच्या बाजूचा जुना मार्ग सोडून गाड्या नव्या वाटेने नेणे भाग पडले. बारामतीचा मार्ग पुढे रुंदमापी झाला. बार्शी लाइट रेल्वेचे मार्गही एकविसाव्या शतकाच्या आरंभी टप्प्याटप्प्याने रुंदमापी करण्यात आले. वाहतुकीच्या दृष्टीने ही प्रगतीच होय. परंतु इतिहासाच्या अभ्यासकापुढे त्यातून एक प्रश्न उभा राहतो. रूळ उखडले गेले, वाघिणी मोडीत निघाल्या, फलाटांची उंची बदलली. अशा वेळी त्या लोहमार्गाचे प्रत्यक्ष रूप कोणत्या साधनांच्या आधारे जाणून घ्यावयाचे? कंपन्यांचे अहवाल भांडवल व उत्पन्न सांगतात, वेळापत्रके वेळ सांगतात. परंतु पाण्याची टाकी फलाटाच्या कोणत्या अंगास होती, सांधेवाल्यास सांधा बदलण्यासाठी किती पावले चालावे लागत असे, हे त्यांत आढळत नाही. अशा प्रश्नांची उत्तरे ज्या वर्गाने चिकाटीने शोधली तो वर्ग विद्यापीठांतील नव्हे. सुटीच्या दिवशी घरातील टेबलावर लहान आगगाड्या उभारणाऱ्या हौशी लोकांचा तो वर्ग होय.

२

या छंदाचा उगम खेळण्यांच्या व्यापारात आहे. जर्मनीतील मेर्कलिन या कारखान्याने १८९१ मध्ये लाइपझिग येथील जत्रेत ठराविक मापांच्या रुळांवर चालणाऱ्या गाड्या मांडल्या, आणि एका वर्षी घेतलेल्या गाडीस दुसऱ्या वर्षी घेतलेले रूळ जुळू लागले. माप ठरल्यामुळेच खेळण्याचा संग्रह होऊ शकला व संग्रहातून मांडणी जन्मली. इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबी यांच्या कारखान्याने १९२० पासून आगगाड्या बाजारात आणल्या. परंतु त्यापूर्वीच, १९१० मध्ये, लंडनमध्ये प्रौढ हौशी मंडळींचा ‘मॉडेल रेल्वे क्लब’ स्थापन झाला होता. अमेरिकेत १९३४ मध्ये या विषयास वाहिलेले ‘मॉडेल रेलरोडर’ हे मासिक निघाले व १९३५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेने चाके, रूळ व जोडण्या यांची समान मापे ठरविण्याचे काम हाती घेतले.

या संस्थांचे व नियतकालिकांचे मुख्य कार्य देवाणघेवाणीचे होते. एखाद्याने आपल्या गावच्या स्टेशनाची इमारत स्वतः मोजून तिचे आराखडे प्रसिद्ध करावेत, दुसऱ्याने त्यातील चूक जुन्या छायाचित्राच्या आधारे दाखवून द्यावी, तिसऱ्याने पुठ्ठ्याची भिंत विटांसारखी कशी दिसेल याची कृती लिहावी, असा हा व्यवहार होता. पुढे तर प्रत्येकाने आपल्या घरी एकेक फळी तयार करावी आणि प्रदर्शनाच्या दिवशी अशा अनेक फळ्या जोडून एकच लांब मार्ग उभा करावा, अशी पद्धत रूढ झाली. ज्याच्या फळीच्या टोकाचे माप ठरल्याप्रमाणे नसेल त्याच्यापाशी गाडी अडते. पुराव्याची शिस्त याहून स्पष्टपणे शिकविणारी व्यवस्था विरळाच.

३

प्रतिकृती करणाऱ्यास पहिला निर्णय प्रमाणाचा करावा लागतो. सर्वाधिक प्रचलित प्रमाण १ : ८७ हे आहे. त्यासाठी बाजारात मिळणाऱ्या रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. ते युरोप-अमेरिकेतील १,४३५ मिलिमीटरच्या प्रमाणमापी मार्गास अचूक जुळते. भारतातील रुंदमापी मार्ग मात्र १,६७६ मिलिमीटरचा आहे. याच प्रमाणात त्याचे रूळ सुमारे १९.२ मिलिमीटर अंतरावर असावयास हवेत. म्हणजेच तयार रुळांवर पुणे-सोलापूर मार्ग उभारणारा हौशी मनुष्य आरंभीच सुमारे चौदा टक्क्यांची चूक पत्करतो. डबे व इंजिने कितीही हुबेहूब केली तरी ती अरुंद पायांवर उभी राहिल्यासारखी दिसतात. इंग्लंडमध्येही १ : ७६ या प्रमाणाबाबत अशीच विसंगती होती. ती असह्य वाटून तेथील काही अभ्यासू हौशी मंडळींनी १९६६ च्या सुमारास १८.८३ मिलिमीटरचे अचूक माप पुरस्कारिले व त्यासाठी लागणारी चाके व रूळ स्वतः तयार करण्याचे कष्ट पत्करले.

याउलट बारामती व बार्शी येथील अरुंदमापी मार्ग दोन फूट सहा इंचांचा, म्हणजे ७६२ मिलिमीटरचा होता. १ : ८७ या प्रमाणात हे अंतर ८.७५ मिलिमीटर होते. त्याहून लहान, १ : १६० या प्रमाणाच्या गाड्यांसाठी ९ मिलिमीटरचे रूळ १९६० नंतर सर्वत्र मिळू लागले, तेच येथे वापरता येतात आणि चूक तीन टक्क्यांच्या आत राहते. ऑस्ट्रियातील ७६० मिलिमीटरच्या डोंगरी मार्गांच्या प्रतिकृती अशाच रुळांवर केल्या जातात. तात्पर्य असे की, भव्य मुख्य मार्गापेक्षा बारामतीची छोटी गाडी अधिक खरेपणाने साकारणे शक्य आहे.

दुसरा निर्णय निवडीचा. दौंड-बारामती हा २७ मैलांचा मार्ग १ : ८७ या प्रमाणात संपूर्ण मांडावयाचा तर सुमारे ५०० मीटर लांबीची जागा लागेल. बार्शी लाइट रेल्वेच्या २०२ मैलांसाठी पावणेचार किलोमीटर लागतील. वीस फूट लांबीच्या खोलीत प्रत्यक्षातील जेमतेम अर्धा किलोमीटर, म्हणजे एखादे लहान स्टेशन व त्याचे यार्ड एवढेच मावते. उरलेले सर्व वगळावे लागते. काळाचेही तसेच आहे. दिवसभराचे वेळापत्रक एका संध्याकाळी चालविण्यासाठी हौशी मंडळी मुद्दाम जलद चालणारे घड्याळ वापरतात. पंढरपूरचे स्टेशन करावयाचे ठरले तरी दिवस कोणता घ्यावयाचा? आषाढीच्या आदल्या दिवशीचा की भर उन्हाळ्यातील एखाद्या निवांत दुपारचा? दोन्ही दिवस खरेच. परंतु एका दिवसाने मार्गाचे वैभव दिसेल तर दुसऱ्याने त्याचे नित्य जीवन. काय ठेवले व काय वगळले याचे कारण सांगता आले पाहिजे, ही अपेक्षा इतिहासकाराकडून केली जाते तशीच येथेही करावयास हवी.

४

निवडीच्या दोन भिन्न वृत्ती इंग्लंडमधील दोन प्रसिद्ध मांडण्यांत पाहावयास मिळतात. जॉन अहर्न यांनी १९३० नंतरच्या दशकात उभारलेली ‘मॅडर व्हॅली’ ही काल्पनिक दरी होय. तिच्यातील इमारती इंग्लंडच्या निरनिराळ्या भागांतून घेतलेल्या असून त्या सर्व मिळून कोठेच नसलेला एक प्रदेश तयार होतो. रॉय इंग्लंड यांची वृत्ती निराळी होती. ऑस्ट्रेलियातून १९२५ मध्ये आलेल्या या गृहस्थांनी एका खोऱ्यातील जुनी घरे डोळ्यांदेखत बदलताना पाहिली. गवताची छपरे जात होती, भिंतींना नवे साहित्य लागत होते. तेव्हा त्यांनी घरे मोजून ती पुठ्ठ्यात उभारण्यास सुरुवात केली आणि १९५४ मध्ये पेंडन संग्रहालयाची स्थापना केली. आगगाडी हे तेथील निमित्त. खरा विषय नष्ट होत चाललेला गाव हा आहे. अहर्न यांची दरीही पुढे याच संग्रहालयात जतन करण्यात आली.

महाराष्ट्रात या छंदाचे सर्वांत ठळक सार्वजनिक उदाहरण पुण्यातील कोथरूड भागात आहे. भाऊ जोशी यांनी अनेक वर्षांच्या संग्रहातून व परिश्रमातून उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. त्यापूर्वी त्यांनी सुटी करून पुन्हा जोडता येणारी मांडणी प्रदर्शनांतून दाखविली होती. दर वेळी ती उभारण्याचे व मोडण्याचे श्रम लक्षात घेता कायम जागेची गरज निर्माण होणे साहजिकच होते. येथील गाड्या १ : ८७ या प्रमाणातील असून शहर, सर्कस, पोहण्याचा तलाव, रस्ते व सिग्नल यांनी युक्त अशी ती सृष्टी प्रकाश व ध्वनी यांच्या साहाय्याने जिवंत होते. तिचे रूप प्रामुख्याने पाश्चात्त्य आहे. यात कोणताही दोष मानण्याचे कारण नाही. या प्रमाणातील तयार गाड्या, घरे व माणसे युरोप-अमेरिकेतील कारखान्यांतून येतात आणि मांडणी साहित्याच्या मागोमाग जाते. वृत्तीच्या दृष्टीने ही मांडणी मॅडर व्हॅलीच्या कुळातील, कल्पित प्रदेशाची आहे. एका पिढीतील असंख्य मुलांना लोहमार्गाचे कार्य तिने दाखविले, हे तिचे श्रेय मोठे आहे.

५

कल्पित प्रदेशाकडून नोंद घेणाऱ्या मांडणीकडे जावयाचे झाल्यास बावड्याच्या परिसरातील मार्गांना विशेष महत्त्व आहे. त्यांचा एक दुवा थेट इंग्लंडमधील हौशी वर्तुळापर्यंत पोहोचतो. बार्शी लाइट रेल्वेचे शिल्पकार एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचे म्हणणे असे होते की, प्रत्येक आसावरील भार पाच टनांपर्यंत मर्यादित ठेवून तो सर्व वाहनांवर समान विभागला, तर हलक्या रुळांवरूनही मोठी वाघीण चालविता येते. या तत्त्वानुसार बांधलेला बार्शीचा मार्ग १८९७ मध्ये सुरू झाला. त्याच कॅलथ्रॉप यांनी त्याच मापाचा, सव्वाआठ मैलांचा लीक अँड मॅनिफोल्ड मार्ग इंग्लंडमध्ये १९०४ मध्ये उभारला. तो १९३४ मध्ये बंद पडला व पुढे त्याच्या जागी पायवाट झाली. तीस वर्षेही न टिकलेला हा मार्ग इंग्लंडमधील हौशी मंडळींनी पुनःपुन्हा प्रतिकृतींत उभारला आहे. त्याची इंजिने, डबे व स्टेशने यांचे तपशील त्यामुळे सर्वतोमुखी झाले. बार्शीचा मार्ग त्याचा वडील बंधू. तो शंभराहून अधिक वर्षे चालला, दुष्काळी मुलुखातून धान्य, कापूस व यात्रेकरू वाहत राहिला. परंतु त्याच्या तपशिलांची अशी जोपासना महाराष्ट्रात झाली नाही. धाकट्या भावाची स्मृती टिकून राहिली ती त्याच्या थोरवीमुळे नव्हे. काही लोकांनी सुटीच्या दिवशी हाती मोजपट्टी घेतली म्हणून ती टिकली.

प्रतिकृतीस पुरावा म्हणून काही मर्यादा आहेत, हे खरे. तिच्यात धूर, घाम व कोळशाचा वास नसतो. मजुरी, भाडेदर व जमिनींचे संपादन तिच्यात दिसत नाही. जेथे माहिती नसते तेथेही तिला काहीतरी ठेवावेच लागते, कारण भिंतीची चौथी बाजू कोरी सोडता येत नाही. लेखनात मौन पाळता येते, प्रतिकृतीत येत नाही. परंतु हीच तिची उपयुक्तताही आहे. चौथी भिंत करण्याची वेळ येते तेव्हाच ती कशी होती हे कोणी विचारलेच नव्हते, असे ध्यानात येते. मग कोणा निवृत्त गँगमनास गाठावे लागते, जुन्या लग्नाच्या छायाचित्रातील मागची इमारत निरखावी लागते, गुरांच्या गोठ्यास कुंपण म्हणून लावलेला रुळाचा तुकडा मोजावा लागतो.

असे प्रश्न विचारण्याची मुदत अमर्याद नाही. अरुंदमापी गाडीवर काम केलेली माणसे वृद्ध झाली आहेत आणि जुन्या स्टेशनांच्या इमारती नव्या बांधकामांत लोपत आहेत. आरंभास वीस फुटांची एक खोली पुरेशी आहे. बारामतीचे अरुंदमापी यार्ड, त्यातील सांधे, पाण्याची टाकी, मालधक्का व गुळाच्या ढेपा उतरविणारी बैलगाडी एवढे जरी मोजून, विचारून व प्रत्येक निवडीचे कारण लिहून ठेवून १ : ८७ या प्रमाणात उभे राहिले, तरी नीरेच्या खोऱ्यातील अर्धा किलोमीटर इतिहास पुढील अभ्यासकास तपासण्यासाठी उपलब्ध होईल.