सॉफ्टवेअर बदलत राहतं, जी-कोड टिकतो: सीएनसी लेथची गोष्ट

आजचा भाग त्या पोरापोरींसाठी, ज्यांनी आयटीआयला टर्नर किंवा मशिनिस्ट ट्रेड केलाय आणि आता एकच प्रश्न पडलाय: सीएनसी लेथसाठी कॅम सॉफ्टवेअर शिकायचं, तर कुठलं?

वडनेर भोलजीत बसून हा प्रश्न जरा महागच पडतो. गाव महामार्गावर, मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मधे. पण चांगला कोर्स करायचा तर संभाजीनगर नाहीतर पुणं गाठायचं, खोली करायची, फी भरायची. पैसे घरचे, म्हणजे कपाशी-सोयाबीनचे. निवड चुकली की वर्षाचा हंगामच गेला समजा. याचं उत्तर जाहिरातीत मिळणार नाही, इतिहासात मिळेल. चला तर मग.

आपल्या भागात यंत्रं आली ती कापसाच्या मागोमाग. १८७० मध्ये जलंब-खामगाव रेल्वे फाटा सुरू झाला, तो खामगावच्या कापूस बाजारासाठी. जिनिंग-प्रेसिंग वाढलं, आणि जिथं फिरणारे शाफ्ट तिथं दुरुस्तीला लेथ लागतोच. किर्लोस्करांनी १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर कंपनी काढली, तिथं लेथ बनू लागले. १९५३ मध्ये बंगळुरूला सरकारी एचएमटी उभी राहिली. या मशिनींचा प्रोग्रॅम कुठं असायचा? टर्नरच्या हातात! हँडव्हील किती फिरवायचं, कट किती घ्यायचा, ते त्याच्या बोटांना ठाऊक.

तिकडे अमेरिकेत जॉन पार्सन्स नावाचा माणूस हेलिकॉप्टरची पाती बनवत होता. पात्याचा वक्र आकार हाताने अचूक निघेना. मग त्याला सुचलं, की वक्रावरच्या बिंदूंचे आकडे काढून मशीनच त्या आकड्यांवर चालवली तर? या कल्पनेवर एमआयटी या संस्थेनं काम केलं आणि १९५२ मध्ये भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर चालणारी मिलिंग मशीन जगाला दाखवली.

पण नवी अडचण आली. मशीन झटपट चालायची, आकडेमोड मात्र संपता संपेना. म्हणून डग्लस रॉस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एपीटी ही भाषा बनवली. रेघ, वर्तुळ, टूल कुठून न्यायचं, हे साध्या शब्दांत लिहायचं. गणित कॉम्प्युटर करणार. १९५९ मध्ये ती जाहीर झाली, तेव्हा पत्रकारांना तिच्यावर बनवलेले ॲल्युमिनियमचे ॲशट्रे वाटले होते. आजचं प्रत्येक कॅम सॉफ्टवेअर हे या ॲशट्रेचं नातवंड.

आता कान देऊन ऐका. एपीटीतून निघालेला टूलचा रस्ता थेट मशीनला कळत नसे. प्रत्येक मशीनची बोली वेगळी, म्हणून मधे दुभाषा लागायचा. त्याचं नाव पोस्ट-प्रोसेसर. हा दुभाषा आजही तिथंच बसलाय.

पुढे जी-कोड रूढ झाला. १९८२ मध्ये त्याचं आंतरराष्ट्रीय मानक आलं, आयएसओ ६९८३. जपानची फॅनुक १९७२ मध्ये फुजित्सूपासून वेगळी झाली आणि तिचे कंट्रोलर जगभर पसरले. आज शॉपफ्लोअरवर फॅनुक नाहीतर सीमेन्स, ही नावं तुम्हाला दिसणारच.

आणि सॉफ्टवेअर? त्यांचे मालक बदलत राहिले. एस्प्रिट २०२० मध्ये हेक्सॅगॉनकडे गेलं. १९८३ पासूनच्या मास्टरकॅमची कंपनी २०२१ मध्ये सँडविकने घेतली. फ्युजन ३६० च्या फुकट वैयक्तिक आवृत्तीतून २०२० मध्ये जलद हालचाल आणि आपोआप टूल बदलणं काढून टाकलं. ज्यांचं काम त्यावर उभं होतं, त्यांची पंचाईत झाली. जी-कोड मात्र होता तिथंच आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: आधी जी-कोड वाचायला शिका, सॉफ्टवेअर नंतर निवडा. साध्या लेथला अक्ष दोनच, एक्स आणि झेड. पायऱ्यांचा शाफ्ट असेल तर फॅनुकवर जी ७१ हे रफिंगचं सायकल दोन ओळींत बसतं, फिनिशिंगला जी ७०, आट्यांना जी ७६. अशा जॉबला कॅमची गरजही नसते. वाकडातिकडा प्रोफाइल असेल, किंवा लाइव्ह टूलने लेथवरच मिलिंग करायचं असेल, तेव्हा कॅम खरं कामाला येतं.

निवडताना नावाच्या मागे लागू नका, चार गोष्टी विचारा. जिथं नोकरी करायचीय तिथं कंट्रोलर कुठला? त्याचा पोस्ट-प्रोसेसर मिळतो का, आणि बिघडला तर दुरुस्त कोण करणार? लायसन्स कायमचं की दरवर्षी पैसे? आणि त्या भागातले कारखाने काय वापरतात? बंगळुरूच्या कॅडेमचं कॅप्सटर्न तर खास लेथसाठीच बनलंय. महागडं परदेशी नाव दिसलं म्हणून ते यादीतून खोडू नका.

दुभाषा चुकला तर काय होतं, तेही सांगतो. लेथवर एक्सचा आकडा सहसा व्यासाचा असतो. पोस्ट-प्रोसेसरने चुकून त्रिज्या दिली, तर ४० च्या जागी २० येतं. स्क्रीनवरचं सिम्युलेशन बहुतेकदा सॉफ्टवेअरचा स्वतःचा टूलपाथ दाखवतं, जी-कोड नाही. तिथं सगळं छान दिसतं, आणि मशीनवर टूल थेट जॉबमध्ये घुसतं. टूल तुटतं, स्पिंडलला मार बसतो, समोर उभ्या माणसाला धोका. ती एक ओळ वाचता येणारा पोरगा सायकल स्टार्ट दाबायच्या आधीच थांबतो. कारखान्याला हवाय तो हाच पोरगा.

जुन्या टर्नरची अक्कल बोटांत होती. तुमची त्या ओळी वाचणाऱ्या डोळ्यांत असू द्या. हा भाग तुमच्या आयटीआयच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात!