क्रियापदांचे बेट : टिचकीच्या साहसखेळांचा एक वाङ्मयीन इतिहास

नवा वाङ्मयप्रकार आला की आधी त्याला नाव सापडत नाही आणि मग त्याच्यावर आरोपपत्र ठेवले जाते. १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ लिहिला, तेव्हा मराठी कादंबरीचे वय जेमतेम पंधरा वर्षांचे होते. ‘यमुनापर्यटन’ १८५७चे, ‘मुक्तामाला’ १८६१चे, ‘मंजुघोषा’ १८६८चे. ‘नावल’ हा शब्द इंग्रजीतून जसाच्या तसा उचललेला होता. पुढे बाणभट्टाच्या एका कृतीचे विशेषनाम आपण सबंध प्रकाराचे सामान्यनाम केले आणि ‘कादंबरी’ आपली झाली. ज्या अद्भुत कथांना वेळेचा अपव्यय म्हणून झिडकारले गेले, त्या आज एम.ए.च्या अभ्यासक्रमात इतिहास म्हणून शिकवल्या जातात.

संगणकीय खेळ आज मराठी अभ्यासकांच्या दृष्टीने ‘नावल’च्याच अवस्थेत आहेत. सगळ्याच खेळांची वकिली करण्याचा आमचा हेतू नाही. ज्यांना इंग्रजीत ‘पॉइंट अँड क्लिक अ‍ॅडव्हेंचर’ म्हणतात, त्या एका शाखेकडे आम्हांस वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. नेमबाजी नाही, घड्याळाशी शर्यत नाही. पडद्यावर एक चित्र, त्यातल्या वस्तूंवर टिचकी मारायची, माणसांशी बोलायचे, अडलेली वाट विचाराने मोकळी करायची आणि गोष्ट पुढे न्यायची. आम्ही त्यांना ‘टिचकी-साहस’ म्हणतो. चित्रपट आणि दिग्दर्शक हे शब्द ज्यांच्या नावावर सांगितले जातात, ते सावरकर १९२४ ते १९३७ या काळात याच रत्नागिरीत स्थानबद्ध होते. तेव्हा एखादा शब्द घडवण्याची मुभा इथल्या लिहिणाऱ्यांनी घेतली, तर ती गावाच्या रीतीला सोडून नाही.

गुहेपासून घरापर्यंत

या प्रकाराचा जन्म शब्दांत झाला. विल क्राउदर हा अमेरिकन संगणकतज्ज्ञ गुहाभ्रमण करणारा होता. १९७५-७६च्या सुमारास त्याने केंटकीतील खऱ्या गुहांच्या आधारे आपल्या मुलींसाठी एक खेळ रचला. १९७७मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने तो वाढवला. ‘कोलॉसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर’ या खेळात चित्र मुळीच नव्हते. यंत्र गुहेचे वर्णन करी, खेळणारा एकदोन शब्दांची आज्ञा टंकित करी, आणि यंत्र पुढचे वर्णन देई. त्याच सुमारास एमआयटीत ‘झॉर्क’ तयार झाला. १९८०मध्ये रॉबर्टा आणि केन विल्यम्स या दांपत्याने ‘मिस्टरी हाऊस’मध्ये या वर्णनांना साध्या रेषाचित्रांची जोड दिली. त्यामागची प्रेरणा अगाथा ख्रिस्तीच्या एका कादंबरीची होती.

चित्र आले तरी आज्ञा टंकितच करावी लागे, आणि यंत्राला कोणता शब्द कळतो हे ओळखणे हाच एक वैतागवाणा खेळ होऊन बसे. ‘पिशवी’ म्हटले तर कळत नाही, ‘थैली’ म्हटले तर कळते, अशातला तो प्रकार. माऊस घरोघरच्या संगणकांत आल्यावर ही कोंडी फुटली. १९८७ साली रॉन गिल्बर्ट आणि गॅरी विनिक यांच्या ‘मेनियाक मॅन्शन’ने पडद्याच्या तळाशी क्रियापदांची यादीच मांडून ठेवली. क्रियापदावर टिचकी, मग वस्तूवर टिचकी, आणि वाक्य तयार. गिल्बर्टने १९८९मध्ये एक निबंध लिहून आपल्याच प्रकारातील खेळांचे दोष दाखवले : नायकाला विनाकारण मारणे, पुढे लागणारी वस्तू मागे राहून गेली म्हणून खेळणाऱ्याला कायमचे अडकवणे, तर्काला सोडून कोडी घालणे. प्रकार अजून कोवळा असतानाच त्याची समीक्षा त्याच्या कर्त्याने लिहावी, ही बाब साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

नऊ क्रियापदे आणि मराठीचे व्याकरण

१९९३च्या ‘डे ऑफ द टेन्टॅकल’मध्ये क्रियापदे नऊच आहेत : दे, उचल, वापर, उघड, पाहा, ढकल, बंद कर, बोल, ओढ. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर तीन काळांत पसरलेले कथानक उभे राहते. मात्र या वाक्यांची घडण इंग्रजी आहे. आधी क्रियापद, मग कर्म, मग शब्दयोगी अव्ययाच्या पुलावरून दुसरे नाम. मराठीत क्रियापद शेवटी येते : ‘किल्लीने कुलूप उघड’. म्हणजे मराठी खेळणाऱ्याचा हात आधी वस्तूकडे जायला हवा आणि क्रिया नंतर निवडली जायला हवी. गंमत अशी की १९९७च्या ‘कर्स ऑफ मंकी आयलंड’मध्ये नेमके हेच झाले. तिथे वस्तूवर माऊस दाबून धरला की हात, डोळे आणि तोंड यांची चिन्हे उमटतात, म्हणजे नाम आधी, क्रियापद नंतर. कर्त्यांच्या मनात मराठी असण्याचे कारण नाही. पण आपल्या वाक्यरचनेला तो क्रम आपसूक मानवतो.

अडचण वेगळीच आहे. इंग्रजी खेळ नामे जशीच्या तशी एकमेकांना जोडतो. मराठीत विहीर म्हणून भागत नाही, ‘विहिरीत’ व्हावे लागते. घोड्याचे ‘घोड्याला’, दोरीचे ‘दोरीने’. प्रत्येक वस्तूचे सामान्यरूप आणि लिंग यंत्राला शिकवावे लागेल, नाहीतर ‘उघडा खिडकी’ असली वाक्ये ऐकावी लागतील. शिवाय नायकाशी बोलायचे ते ‘उचल’ म्हणून की ‘उचला’ म्हणून? बँकेचे यंत्र आपल्याला अहो-जाहो करते. पण इथे आपण आज्ञा देणारे असतो आणि तो आज्ञाधारक. हा केवळ तांत्रिक प्रश्न नाही. निवेदक, नायक आणि वाचक यांच्या नात्याचा हा प्रश्न आहे आणि कथनशास्त्राच्या तासाला तो खुशाल विचारता येईल.

वेताळाचा प्रश्न

कोडे सोडवल्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही, ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये. दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकेचे सोळा प्रकार नोंदवले आहेत. त्याहून जवळचे उदाहरण वेताळपंचविशीचे. अकराव्या शतकात सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त ती आली आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी ती छापील मराठीत आणली. राजा प्रेत खांद्यावर घेऊन चालतो, वेताळ गोष्ट सांगतो आणि ऐन मोक्याला प्रश्न घालून थांबतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहिला तर राजाच्या मस्तकाची शकले. बोलला तर मौनभंग, आणि वेताळ पुन्हा झाडावर. ऐकणाऱ्याच्या बुद्धीवाचून कथा पुरी होत नाही.

फरक आहे तो दिशेचा. वेताळाच्या कथेत बरोबर उत्तर राजाला मागे नेते आणि शेवटच्या प्रश्नापुढचे त्याचे मौनच त्याला पुढे नेते. टिचकी-साहसात बरोबर उत्तराने दार उघडते. चुकीच्या उत्तराने काहीच घडत नाही, गोष्ट नुसती वाट पाहत राहते. कादंबरी वाचताना एखादा उतारा समजला नाही तरी आपण पान उलटतो. इथे समजल्याशिवाय पान उलटत नाही. वाचनाची अशी शिस्त दुसऱ्या कुठल्या कथाप्रकारात सहसा सापडत नाही, आणि या खेळांचा आम्हांस जो आनंद वाटतो त्याचे पहिले कारण हेच.

शक्ती-तुरा आणि चाचे

दुसरे कारण विनोद. १९९०च्या ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’मध्ये गायब्रश थ्रीपवुड नावाचा एक भाबडा तरुण चाचा व्हायला निघतो. त्याला तलवारबाजी जिंकायची असते. पण त्या बेटावर तलवार हाताने कमी आणि जिभेने जास्त चालते. प्रतिस्पर्धी एक टोमणा मारतो, त्याला चपखल उत्तर दिले तरच सरशी होते. टोमणे आणि उत्तरे शिकायची ती हरून हरून, रस्त्यावर भेटणाऱ्या चाच्यांकडून. शेवटी तलवारबाजीतल्या सर्वश्रेष्ठ स्त्रीसमोर उभे राहावे, तर तिचे टोमणे अगदीच नवे निघतात. जुनी उत्तरे नव्या टोमण्यांना लावता आली पाहिजेत. पाठांतराला तिथे किंमत नाही, अर्थ उमगला पाहिजे. पुढच्या ‘कर्स’मध्ये समुद्रावरच्या लढतीत उत्तराला यमकही जुळवावे लागते.

ज्याने गणपतीच्या दिवसांत रत्नागिरी जिल्ह्यातील जाखडी पाहिली आहे, त्याला याची ओळख पटवून द्यायला नको. शक्तिवाले आणि तुरेवाले समोरासमोर उभे राहतात, पुराणातला पेच गाण्यातून टाकतात, आणि उत्तर चालीत, यमकात आणि तिथल्या तिथे द्यावे लागते. अडलेल्या शाहिराची फजिती आणि चढत्या उत्तराला मिळणारी दाद हे दोन्ही मेली बेटावर जसेच्या तसे भेटतात. या खेळाचे मराठी भाषांतर करायला घेतले, तर शब्दकोशापेक्षा कलगी-तुऱ्याची परंपराच अधिक कामी येईल, असे आमचे मत आहे.

रिकाम्या घराचे वाचन

रँड आणि रॉबिन मिलर या बंधूंचा ‘मिस्ट’ १९९३ साली सीडीवर आला, आणि २००२मध्ये ‘द सिम्स’ने मागे टाकीपर्यंत वैयक्तिक संगणकावरचा सर्वाधिक खपलेला खेळ तोच होता. त्यात एक निर्जन बेट आहे, त्यावर एक ग्रंथालय, आणि त्यातले बहुतेक ग्रंथ जळालेले. दोन भाऊ दोन पुस्तकांत कैद आहेत. दोघेही एकमेकांवर आळ घेतात आणि आपापल्या पुस्तकाची विखुरलेली पाने शोधून आणायला सांगतात. खरे कोण बोलतो, हे त्यांच्या भाषणावरून कळत नाही. ते त्यांच्या मागे राहिलेल्या खोल्यांवरून, तिथल्या वस्तूंवरून ताडावे लागते.

अशा वाचनाचा सराव आमच्या गावात करता येतो. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १८८५च्या युद्धात पदच्युत झाला आणि १८८६मध्ये रत्नागिरीस आणला गेला. त्याच्यासाठी बांधलेल्या राजवाड्यात तो १९१०च्या सुमारास राहायला गेला आणि डिसेंबर १९१६मध्ये रत्नागिरीतच वारला. अमिताव घोष यांच्या २०००च्या ‘द ग्लास पॅलेस’ने ही कथा जगभर नेली. कादंबरी आपल्याला राजाच्या मनात घेऊन जाते. राजवाड्यात मात्र खोल्या, खिडक्या आणि त्यांतून दिसणारे पाणी एवढेच असते, बाकीचे आपण जुळवायचे. ‘मिस्ट’ खेळलेला विद्यार्थी तिथे वेगळ्या रीतीने वावरतो : कोणती खिडकी कुठे उघडते, कुठून काय दिसते आणि काय दिसू दिलेले नाही, हे तो पाहतो.

ऱ्हास, जतन आणि आपण

नव्वदीच्या अखेरीस या प्रकाराला ओहोटी लागली. त्रिमितीय खेळांचा झपाटा होताच, पण कोडीही अतर्क्य होत गेली. १९९९च्या ‘गेब्रिअल नाइट ३’मध्ये मांजराच्या केसांची खोटी मिशी करावी लागते, आणि तीही ज्याचे सोंग घ्यायचे त्याला मिशी नसताना! १९९८चा ‘ग्रिम फँडँगो’ मेक्सिकोच्या मृतात्म्यांच्या सणावर आणि जुन्या अमेरिकी गुन्हेपटांवर एकाच वेळी उभा होता. समीक्षकांनी वाखाणला, पण बाजारात तो चालला नाही. महाराष्ट्रातील लहान शहरांत एमएस-सीआयटीच्या वर्गांमधून माऊस हातात आला तो २००१नंतर. म्हणजे आपण टिचकी शिकलो, तेव्हा टिचकीच्या खेळांचा बहर ओसरला होता. युनिकोड देवनागरीही घरगुती संगणकांत त्याच सुमारास आली. मराठीची आणि या प्रकाराची गाठ पडली नाही, त्याचे कारण कुणाची अनास्था नव्हे, काळाची चुकामूक आहे.

ती चुकामूक भरून काढता येईल, याचे श्रेय हौशी जतनकर्त्यांना जाते. २००१मध्ये सुरू झालेल्या ‘स्कमव्हीएम’ या मुक्त प्रकल्पामुळे जुने खेळ नव्या यंत्रांवर चालतात. ‘बिनीथ अ स्टील स्काय’ (१९९४) २००३पासून विनामूल्य उपलब्ध आहे. २०१२मध्ये लोकवर्गणीतून एका नव्या साहसखेळासाठी तेहतीस लाख डॉलर जमले आणि प्रकार पुन्हा उभा राहिला. २०२२मध्ये खुद्द गिल्बर्ट मंकी आयलंडवर परतला. आपल्या सीमेलगत, गुजरातमधल्या चला येथे ‘स्टुडिओ ओलिओमिंगस’ मीर उमरहसन नावाच्या कल्पित लेखकाच्या कल्पित साहित्यावर खेळ रचतो. वासाहतिक इतिहास आणि हरवलेली संहिता हेच त्यांचे विषय.

कुठून सुरुवात करावी, असे कुणी विचारल्यास आम्ही ‘मशिनेरियम’ (२००९) सुचवू. त्यात शब्दच नाहीत, म्हणून भाषेची अडचण नाही. त्यानंतर ‘सायबेरिया’ (२००२) : बेल्जियन चित्रकथाकार बेन्वा सोकालची ही रचना. एक वकील स्त्री कारखान्याचा विक्रीव्यवहार पुरा करायला निघते आणि त्याच्या हरवलेल्या वारसाचा माग काढीत पूर्वेकडे जात राहते. मग ‘मिस्ट’ आणि शेवटी ‘मंकी आयलंड’, कारण त्याचा विनोद पचवायला प्रकाराची थोडी ओळख लागते. अडल्यास लगेच उत्तर शोधू नये. दोघांनी मिळून खेळावे, एकाने माऊस धरावा, दुसऱ्याने वही.

एक सूचना अध्यापकांना. खेळ रचण्याची विनामूल्य साधने आज उपलब्ध आहेत. ‘ट्वाइन’ला तर संगणकाची भाषाही यावी लागत नाही. वेताळाची एक कथा, जाखडीचा एक सामना किंवा थिबाच्या वाड्यातील एक खोली, एवढा ऐवज एका वर्गाला एका सत्रासाठी पुरेल. त्यातून निघेल ते ओबडधोबड असेल, ‘मुक्तामाला’ही होतीच. पण सामान्यरूपांची यादी करताना, आज्ञा ‘उघड’ की ‘उघडा’ यावर वाद घालताना विद्यार्थी आपल्या भाषेविषयी जे शिकतील, ते ‘नावल’चा काळ परीक्षेपुरता वाचून शिकता येत नाही.