स्रोतवृक्षातील ड्रायव्हरांची मांडणी : लिनक्स कर्नलच्या एआरएम शाखेचा इतिहास (१९९१ ते २०२३)

प्रस्तावना :
संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुधा यंत्रे, कंपन्या आणि संशोधक यांच्याभोवती फिरते. एखादी आज्ञावली कोणत्या फोल्डरमध्ये ठेवली गेली, हा प्रश्न त्या तुलनेत क्षुल्लक वाटतो. तथापि कागद कोणत्या दप्तरात बांधला आहे यावरून तो कोणाच्या जबाबदारीचा होता हे कळते, हे अभिलेखागारात काम केलेल्या अभ्यासकास सांगावे लागत नाही. लिनक्स कर्नलच्या स्रोतवृक्षासही हेच लागू पडते. विशिष्ट यंत्रभागासाठी लिहिलेला ड्रायव्हर यंत्रानुसार ठेवावा की कार्यानुसार, या वादातून त्या ड्रायव्हरची देखभाल कोणी करावयाची, हे ठरत गेले.

प्रारंभीची मांडणी :
सप्टेंबर १९९१ मधील ०.०१ ही आवृत्ती सुमारे दहा हजार ओळींची होती. हार्ड डिस्क व कळफलक यांच्या फाइली तेव्हा ‘कर्नल’ याच फोल्डरमध्ये होत्या. यंत्र एकच, इंटेल ३८६ चे; त्यामुळे विभागणीची गरजच नव्हती. मार्च १९९४ च्या १.० आवृत्तीत ‘ड्रायव्हर्स’ हे स्वतंत्र फोल्डर दिसते व त्यात ब्लॉक, कॅरेक्टर, नेट, स्कझी, साउंड असे कार्यनिहाय विभाग आढळतात. पुढे अल्फासारख्या अन्य प्रोसेसरांवर लिनक्स नेले गेले. मार्च १९९५ च्या १.२ मध्ये प्रोसेसरनिष्ठ भाग ‘आर्च’ या फोल्डरखाली एकत्र आला. प्रोसेसरचे ते ‘आर्च’मध्ये, उपकरणाचे ते ‘ड्रायव्हर्स’मध्ये, ही सीमारेषा तेथे आखली गेली.

एआरएममधील पेच :
ही सीमारेषा वैयक्तिक संगणकावर टिकली, याचे श्रेय यंत्ररचनेस द्यावे लागते. पीसीआय मार्गावरील प्रत्येक कार्ड आपला उत्पादक क्रमांक व उपकरण क्रमांक स्वतःच सांगते. कर्नलने केवळ विचारावयाचे असते. एआरएम चिपमध्ये तशी सोय नाही. कोणता भाग कोणत्या पत्त्यावर आहे, त्याची इंटरप्ट रेषा कोणती, त्याला घड्याळाचा स्पंद कोठून मिळतो, हे सारे कर्नलला आधीच ठाऊक असावे लागते. ही माहिती सी भाषेतील ‘बोर्ड फाइलीं’मध्ये लिहिली जाई. प्रत्येक बोर्डास एक नोंदणी क्रमांक मिळे आणि प्रत्येक चिपकुटुंबास ‘आर्च/एआरएम’खाली ‘मॅक’ या उपसर्गाचे स्वतंत्र फोल्डर असे.

मोबाइल फोनच्या प्रसाराबरोबर या फोल्डरांची संख्या वाढत गेली. खरी अडचण मात्र संख्येची नव्हती. घड्याळ, पिनांची जोडणी, जीपीआयओ यांसाठीची जवळजवळ सारखीच आज्ञावली प्रत्येक कुटुंबाने आपापल्या फोल्डरमध्ये वेगळी लिहिली. शिवाय प्रत्येक फोल्डरमध्ये त्याच नावाच्या, परंतु वेगळ्या आशयाच्या हेडर फाइली होत्या. परिणामी दोन चिपकुटुंबांवर चालेल असा एकच कर्नल बांधता येत नसे. उत्पादकाच्या अभियंत्यास स्वतःचे फोल्डर ही स्वतःची जहागीर वाटे. त्यात इतर कोणी डोकावत नसे आणि तोही बाहेर पाहत नसे. मार्च २०११ मध्ये लायनस टोरवाल्ड्स यांनी एआरएमच्या या अव्यवस्थेवर जाहीरपणे तीव्र नाराजी व्यक्त केली.

या नाराजीमागील तत्त्व लक्षात घेणे आवश्यक आहे. लिनक्सच्या अंतर्गत रचनेत केव्हाही बदल होतात. जो बदल करील त्याने वृक्षातील सर्व संबंधित ड्रायव्हर दुरुस्त करावेत, असा संकेत आहे. मजकूर समान ठिकाणी, समान पद्धतीने असेल तरच हा संकेत पाळता येतो. ऐंशी ठिकाणी ऐंशी प्रकारे लिहिलेले घड्याळ कोण दुरुस्त करणार?

फेरमांडणी :
२०११ पासून अर्न्ड बर्गमन, ओलोफ जोहान्सन आदींनी चिपकुटुंबांचे बदल एका सामायिक शाखेत तपासून पुढे पाठविण्यास सुरुवात केली. पिनजोडणीसाठी ‘ड्रायव्हर्स’खाली स्वतंत्र विभाग झाला. मे २०१२ च्या ३.४ आवृत्तीत घड्याळांची समान चौकट आली. यंत्राचे वर्णन सी भाषेतून काढून ‘डिव्हाइस ट्री’ या तक्त्यात नेण्यात आले. ही कल्पना नवी नव्हती. १९९४ च्या ओपन फर्मवेअर मानकात ती होती आणि पॉवरपीसीवर लिनक्सने ती आधीच वापरली होती. डिसेंबर २०१२ च्या ३.७ आवृत्तीत अनेक चिपकुटुंबांसाठी एकच एआरएम कर्नल बांधणे शक्य झाले. प्रारंभी अर्थात मोजक्याच कुटुंबांसाठी. त्याच आवृत्तीत आलेल्या ६४ बिटी एआरएम शाखेत ‘मॅक’ फोल्डरच ठेवले गेले नाहीत.

कार्यानुसार मांडणीचा हा निर्भेळ विजय होता, असे मात्र म्हणता येत नाही. जानेवारी २०१२ च्या ३.२ आवृत्तीत ईथरनेटचे ड्रायव्हर उत्पादकांच्या नावांखाली विभागले गेले. प्रथम कार्य, मग उत्पादक, हा क्रम तेथे स्वीकारला गेला. रंगनाथन यांच्या १९३३ च्या द्विबिंदू वर्गीकरणाशी परिचित असलेल्या ग्रंथपालास हा क्रमाचा प्रश्न ओळखीचा वाटेल. दुसरीकडे, कोठेच न बसणाऱ्या चिपनिष्ठ आज्ञावलीसाठी २०१४ मध्ये ‘ड्रायव्हर्स/एसओसी’ हा विभाग निघाला. कार्यालयातील ‘संकीर्ण’ या नस्तीसारखेच त्याचे स्वरूप आहे. जुन्या जहागिरींचा काही भाग तेथे केवळ स्थलांतरित झाला, असे दिसते.

यंत्रवर्णनाचे तक्तेही कर्नलच्या वृक्षातच राहिले. ‘आर्च/एआरएम’खाली एकाच सपाट फोल्डरमध्ये साचलेल्या या फाइली २०२३ च्या ६.५ आवृत्तीत उत्पादकनिहाय उपफोल्डरांत लावण्यात आल्या. त्याच वर्षीच्या ६.३ आवृत्तीत, वापरात नसलेल्या जुन्या बोर्ड फाइली मोठ्या प्रमाणावर काढून टाकल्या गेल्या. ज्या फोनांचे ड्रायव्हर उत्पादकांनी मुख्य वृक्षात कधी दिलेच नाहीत, त्यांची नोंद या फेरमांडणीत कोठेही नाही. ते फोन त्यांच्या विक्रीच्या वेळच्या कर्नलशीच बांधलेले राहिले.