काळं ऑइल आणि पाच हजारांचा दंडक

पिकअपचं इंजिन ऑइल दर पाच हजार किलोमीटरला बदलावं, आणि त्याआधी काळं पडलं तर त्याआधीच बदलावं, हे मत आपल्याकडच्या गॅरेजांमध्ये वेदवाक्यासारखं चालतं. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात विचारा, लासलगावला कांदा भरणाऱ्यांना विचारा, बहुतेक हेच उत्तर मिळेल. कुणी शंका काढलीच तर एक हुकमी प्रश्न तोंडावर फेकला जातो: ‘ऑइल लवकर बदललं म्हणून कुणाचं इंजिन बसलेलं ऐकलंय का?’

खंडन करायचं तर आधी पूर्वपक्ष नीट उभा केला पाहिजे. तो मुद्दाम लंगडा करून मग पाडण्यात पुरुषार्थ नाही. पाच हजारांचा आकडा अडाणीपणातून आलेला नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याकडच्या डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. हे गंधक जळलं की त्याची ऑक्साइडं होतात, ती पाण्याच्या वाफेशी मिळून आम्ल बनतं आणि रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरतं. हे आम्ल मारण्यासाठी ऑइलमध्ये अल्कधर्मी द्रव्यं घातलेली असतात. त्यांचा साठा संपला की लायनर आणि बेअरिंग आम्लाच्या तोंडी जातात. त्या काळचं डिझेल हा साठा भराभर संपवत होतं आणि तेव्हाच्या ऑइलमध्ये तो आजच्याइतका टिकाऊही नव्हता. अशा वेळी ज्या मिस्त्रीनं ‘पाच हजारला सोड’ असं सांगितलं, त्यानं कित्येकांची इंजिनं वाचवली.

पण पुढे डिझेल बदललं. भारत स्टेज चारमध्ये गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५० वर आली, आणि १ एप्रिल २०२०पासून देशभर भारत स्टेज सहा लागू झाल्यावर ती १०वर उतरली. एक टक्का म्हणजे दहा लाखांत दहा हजार भाग. म्हणजे गंधक हजार पटींनी घटलं. ऑइलही त्याच जागी थांबलेलं नाही. डब्यावर एपीआयच्या पुढे जी अक्षरं असतात त्यांतली सीएफ-४ ही प्रत १९९०ची, सीआय-४ २००२ची आणि सीके-४ २०१६ची. नियमाला जन्म देणारं कारण जवळजवळ नाहीसं झालं, नियम मात्र वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यासारखा एका पिढीकडून दुसरीच्या नावावर चढत राहिला.

आता काळेपणाकडे येऊ, कारण या मताचा खरा जोर तिथेच आहे. मिस्त्री पट्टी ओढतो, फडक्यावर पुसतो, डांबरासारखा डाग दाखवतो आणि म्हणतो, ‘बघा अण्णा, काय राहिलंय यात?’ डोळ्यांना दिसलेल्या पुराव्यापुढे कोण बोलणार! आपल्या नैयायिकांनी अशा पुराव्याचा बंदोबस्त फार पूर्वीच करून ठेवला आहे. धूर दिसला तर अग्नीचं अनुमान करता येतं; पण अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असं म्हणता येत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. अशा बेभरवशाच्या हेतूला त्यांनी सव्यभिचार म्हटलं. ऑइलचा काळेपणा हा तसाच हेतू आहे. डिझेल इंजिनात ज्वलनातून काजळी होतेच. ती कणाकणानं सुटी ठेवून अंगावर वागवणं, तिचे गोळे होऊ न देणं, हे ऑइलमधल्या विखुरक द्रव्यांचं काम. ती द्रव्यं नीट काम करत असली की नवं ऑइलसुद्धा काहीशे किलोमीटरांत काळं होतं. म्हणजे काळं ऑइल पुष्कळदा चांगलं असतं. उलट सीएनजीवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत काजळी जवळपास नसते. तिथे ऑइल उष्णतेनं आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांनी आतून खराब झालेलं असलं, तरी रंगानं बरंच उजळ राहू शकतं. ज्याला काळं पाहून बदलायची सवय लागली, तो सीएनजीची गाडी घेतल्यावर निर्धास्त राहील आणि फसेल.

काळेपणाचा आग्रह सोडला की मिस्त्रीचं दुसरं अस्त्र निघतं: अंगठा आणि तर्जनी. दोन बोटांत थेंब चोळून ‘चिकटपणा गेलाय’ असा निकाल दिला जातो. हातांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे. टॅपेटचा आवाज ऐकून कुठला व्हॉल्व्ह ढिला आहे हे सांगणारे लोक मी पाहिले आहेत. पण इथे हाताचं काम नाही. १५डब्ल्यू-४० ऑइलची शंभर अंशांवरची श्यानता—मिस्त्रीच्या भाषेत जाडी—साडेबारा ते सव्वासोळा सेंटिस्टोक्सच्या पट्ट्यात असावी लागते. तेच ऑइल चाळीस अंशांवर शंभराच्या पुढे असतं. बोटांना कळते ती गॅरेजच्या हवेतली जाडी, बेअरिंगला लागते ती शंभर अंशांवरची. शिवाय काजळी ऑइलला दाट करते आणि त्यात उतरलेलं डिझेल पातळ करतं. दोन्ही बिघाड एकाच वेळी असले तर एकमेकांना झाकतात आणि बोटांना ऑइल नव्यासारखं लागतं.

डोळे आणि बोटं यांच्यावर विसंबून चालत नाही, हे रेल्वेनं कधीच ओळखलं. डिझेल लोको शेडांत प्रयोगशाळा असतात. इंजिनाच्या ऑइलचा नमुना ठरलेल्या वेळी तिथे जातो आणि त्यात लोखंड, तांबं, शिसं किती आलं यावरून आतला कोणता भाग झिजतोय ते कळतं. एका पिकअपच्या मालकानं इतका खटाटोप करावा असं मी म्हणणार नाही. त्याच घराण्यातली एक साधी कसोटी मात्र कुणालाही करता येते. गरम इंजिनाच्या पट्टीवरचा एक थेंब फिल्टर पेपरवर टाकायचा, कागद खालून कशाला टेकू द्यायचा नाही आणि काही तास सोडून द्यायचा. काळा डाग मधून कडेपर्यंत हळूहळू फिका होत पसरला तर विखुरक द्रव्यं शाबूत आहेत. मध्ये काळाकुट्ट ठिपका, त्याला कापल्यासारखी कड आणि बाहेर नुसतं पिवळट तेल असं दिसलं, तर काजळी बसायला लागली आहे; तिथे पाच हजारांचीही वाट पाहू नये.

‘पण लवकर बदलण्यात तोटा काय?’ पैशांचा तोटा तर आहेच. वर्षाला साठ हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीला पाच हजारच्या हिशेबानं बारा वेळा ऑइल लागतं, दहाच्या हिशेबानं सहा वेळा. एका वेळचे ऑइल-फिल्टर मिळून अडीच-तीन हजार धरले तरी फरक पंधरा-अठरा हजारांचा. काढलेल्या ऑइलचाही प्रश्न आहे. २०१६च्या नियमांप्रमाणे ते घातक कचऱ्यात मोडतं आणि नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवं. प्रत्यक्षात त्यातलं बरंचसं सेंट्रिंगच्या फळ्यांना फासलं जातं. मला याहून मोठा वाटतो तो लक्षाचा तोटा. वारंवार ऑइल बदलणारा माणूस इंजिनाचं सगळं देणं फेडल्यासारखा निर्धास्त होतो. मधल्या काळात तो पट्टी ओढून पातळी बघत नाही, आणि एअर फिल्टर हवेनं झाडून पुन्हा तोच बसवतो. उसाच्या फडात, खाणीच्या रस्त्यावर धुळीबरोबर येणारी सिलिका लायनर आणि रिंगा कशी खाते, हे इंजिन उघडल्यावरच कळतं. फाटक्या एअर फिल्टरमागे दर महिन्याला नवं ऑइल ओतलं तरी ती झीज थांबत नाही.

इथवर वाचून दुसऱ्या टोकाचे लोक खूश झाले असतील. त्यांचं म्हणणं सोपं: कंपनीच्या पुस्तिकेत दहा किंवा वीस हजार लिहिलंय, तेवढं चालवा, मिस्त्रीचं ऐकू नका. त्यांच्या आवडीचा दाखला न्यूयॉर्कचा. १९९६च्या जुलैमध्ये ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकन मासिकानं ७५ टॅक्सींवर केलेली चाचणी छापली. गाड्या साठ साठ हजार मैल चालवल्या. काहींचं ऑइल तीन हजार मैलांना बदललं, काहींचं सहा हजारांना. इंजिनं उघडून मोजली तेव्हा झिजेत अर्थपूर्ण फरक दिसला नाही. चाचणी चोख होती, पण टॅक्सीचं इंजिन दिवसभर क्वचितच गार पडतं. गार इंजिन चालू होताना जे पाणी आणि इंधन ऑइलमध्ये उतरतं, त्याचा हिशेब तिथे जवळजवळ आलाच नाही. रात्री नारायणगावहून निघून पहाटे वाशीला माल उतरवणाऱ्या पिकअपला तो दाखला बराचसा लागू पडेल. वाडी-वस्तीवर थांबत, इंजिन चालू ठेवून दूध गोळा करणाऱ्या पिकअपला पडणार नाही. आणि पुस्तिकेची पुढची पानं हे लोक वाचत नाहीत. धूळ, जड माल, घाट, कमी अंतराच्या फेऱ्या, उभ्यानं चालणारं इंजिन अशा ‘कठीण वापरा’साठी ऑइल लवकर बदला, असं तिथे सहसा लिहिलेलं असतं. आपल्याकडची कोणती पिकअप या यादीतून सुटते, ते मला दाखवा.

दोन्ही पक्षांची चूक एकच आहे. दोघेही किलोमीटर मोजतात, आणि ऑइलला किलोमीटर कळत नाहीत. हमरस्त्यावर ताशी साठच्या वेगानं, मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर गाडी चालली तर एका किलोमीटरला इंजिन दोन हजार वेळा फिरतं. तीच गाडी माळशेज घाटात दुसऱ्या गिअरमध्ये ताशी पंधरानं आणि अडीच हजार फेऱ्यांवर चढत असेल तर एका किलोमीटरला दहा हजार वेळा फिरतं, तेही पूर्ण ताकद लावून. बाजार समितीच्या फाटकात तासभर नुसतं धडधडत राहिलं तर मिनिटाला साडेसातशेच्या हिशेबानं पंचेचाळीस हजार फेऱ्या होतात आणि मीटरचा आकडा हलत नाही. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागातल्या शर्ली श्वार्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच पकडलं. ऑइलचं आयुष्य इंजिनाच्या फेऱ्या आणि ऑइलचं तापमान यांवरून काढायची पद्धत त्यांनी बसवली, आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस ती गाड्यांत आली. या यंत्रणेत ऑइल तपासणारा कुठलाही सेन्सर नव्हता. होता तो इंजिनानं केलेल्या कामाचा हिशेब.

आपल्या जुन्या पिकअपमध्ये असा संगणक नाही, पण डिझेलची वही आहे. इंजिनानं किती काम केलं याचा डिझेलइतका सरळ साक्षीदार दुसरा नाही. घाट चढला, जास्त माल भरला, उभ्यानं इंजिन चाललं, सगळं लिटरमध्ये उतरतं. म्हणून माझं मत असं की ऑइल लिटरवर बदलावं. समजा, पुस्तिकेत साध्या वापरासाठी दहा हजार किलोमीटर दिले आहेत आणि सपाटीवर बेताच्या मालाला गाडी चौदाची सरासरी देते. भागाकार केला की सुमारे सातशे लिटर येतात. सातशे लिटर डिझेल जळलं की ऑइल आणि फिल्टर बदलायचा. घाटातल्या, दहाची सरासरी देणाऱ्या गाडीची पाळी सात हजार किलोमीटरवर येईल, वस्त्यांवर थांबत फिरणाऱ्या दूधगाडीची त्याहून आधी. रिकामी धावणारी गाडी हिशेबानं दहा हजारांच्या पुढे गेली तरी पुस्तिकेची मर्यादा ओलांडायची नाही, आणि वर्षाच्या आत एकदा तरी बदलायचंच.

तीन ठिकाणी हा हिशेब बाजूला ठेवावा लागतो. वॉरंटी चालू असेल तर कंपनीचे किलोमीटर आणि तारखा पाळा, तिथे शास्त्रार्थ चालत नाही. भारत स्टेज सहाच्या गाडीत धुराड्यातला काजळीचा फिल्टर साफ करण्यासाठी जादा डिझेल फवारलं जातं. ती क्रिया पूर्ण व्हायच्या आत गाडी वारंवार बंद केली तर त्यातलं काही डिझेल चेंबरमध्ये उतरतं आणि पट्टीवरची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढते. वाढलेली पातळी दिसली की लिटर मोजत बसू नये. आणि कागदावरचा डाग मघाशी सांगितल्यासारखा वाईट आला तर वहीपेक्षा कागदाचं ऐकावं.

एक आक्षेप मालकांकडून हमखास येईल: ड्रायव्हर पगारी, डिझेल मध्येच विकतो, वहीतल्या लिटरांवर विश्वास काय ठेवायचा? चोरलेलं डिझेल वहीत जळाल्याचं दिसतं, सरासरी पडलेली दिसते आणि सातशे लिटर लवकर भरतात. ऑइल ठरल्यापेक्षा थोडं आधी बदललं जाईल, इतकंच. इंजिनाची त्याबद्दल काही तक्रार नसते. ड्रायव्हरशी काय बोलायचं ते मालकानं ठरवावं.